बाळाचं नाव ‘माधव’: अर्थ नेमका कोणता, आणि वैशाखातल्या मुलाला चालेल का?

चाफेकळी

मुलगा झालाय. वैशाख शुद्ध पक्ष, मघा नक्षत्र, पहिला चरण. पत्रिकेत आद्याक्षर ‘मा’ आलंय, त्यामुळे ‘माधव’वर घरात जवळपास एकमत आहे. पण जो येतो तो नवी शंका टाकून जातो. सगळ्या एकदमच विचारते.

१. अर्थ कोणता धरायचा? लक्ष्मीचा पती, मधु राक्षसाला मारणारा, की वसंत? तिन्ही ऐकलेत.
२. माधव ही माघ महिन्याची देवता आहे म्हणे. मग वैशाखातल्या मुलाला हे नाव ठेवणं चूक ठरेल का?
३. मुलाच्या नावात अक्षरं सम असावीत असं सांगितलं गेलं. मा-ध-व तर तीन होतात.
४. दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग कसं द्यावं?

बारसं बाराव्या दिवशी आहे, तेव्हा हाताशी वेळ कमी.

अणादि

आधी अर्थ, कारण या तिन्ही उत्तरांचं वजन सारखं नाही.

‘मधु राक्षसाला मारणारा’ हे बाद करा. तो मधुसूदन, किंवा मधुहा. ‘माधव’ या शब्दात मारण्याचा अर्थ देणारा एकही अवयव नाही. विष्णुसहस्रनामात ‘हिरण्यगर्भो भूगर्भो माधवो मधुसूदनः’ अशी ही दोन नावं शेजारी शेजारी येतात, ७२ वं आणि ७३ वं. संध्येच्या चोवीस नावांतही माधव तिसरं आणि मधुसूदन सहावं. दोन्ही एकच असती तर पाठात दोन जागा अडवल्या नसत्या.

व्याकरणाने सगळ्यात सरळ बसणारी व्युत्पत्ती म्हणजे मधु + अण् (‘त्याचा, त्याच्या कुळातला’ असा अर्थ देणारा प्रत्यय). पायऱ्या अशा: ‘तद्धितेष्वचामादेः’ या सूत्राने पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे म चा मा. ‘ओर्गुणः’ने शेवटच्या उ चा ओ होतो. पुढे अ आला की त्या ओ चा अव् होतो. मधु, माधु, माधो + अ, माधव. याच साच्यातून यदुचा यादव, रघुचा राघव, पांडूचा पांडव, भृगूचा भार्गव, मनूचा मानव निघतो. हा साचा एकदा डोळ्यांखालून गेला की ‘माधव म्हणजे मधूचा, मधूशी संबंध असलेला’ हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता मधु कोण? इथे दोन वाटा फुटतात.

पहिली वंशाची. यदुकुळात मधु नावाचा पूर्वज होता, त्याचे वंशज ते माधव. म्हणून महाभारतात हे नाव एकट्या कृष्णाचं नाही. सात्यकीलाही माधव म्हटलंय, आणि अनेकवचनात सगळ्या यादवांना. गीतेत पहिल्याच अध्यायात ‘माधवः पाण्डवश्चैव’ येतं. तिथे दोन्ही नावं कुळाची आहेत: मधूच्या कुळातला आणि पांडूच्या कुळातला, एका रथात.

दुसरी ऋतूची. ‘मधुश्च माधवश्च वासन्तिकावृतू’ हे यजुर्वेदातलं वाक्य. वसंताचे दोन महिने, मधु म्हणजे चैत्र आणि माधव म्हणजे वैशाख. पुढे शुक्र-शुचि, नभस्-नभस्य, इष-ऊर्ज, सहस्-सहस्य, तपस्-तपस्य अशा जोड्या लागतात. चैत्र, वैशाख ही नक्षत्रांवरून पडलेली नावं रुळण्याआधीची ही ऋतूंवरची नावं आहेत. धागाकर्तीसाठी मुद्दा असा की ‘माधव’चा हा वापर फार जुना आहे आणि तो थेट वैशाखाचा आहे. म्हणजे तुमच्या दुसऱ्या शंकेचं अर्धं उत्तर इथेच मिळालं.

‘लक्ष्मीचा पती’, म्हणजे मा + धव, ही फोड परंपरेला मान्य आहे. फक्त ती शब्दाचा उगम सांगत नाही, नामाचा महिमा सांगते. ‘मा’ म्हणजे लक्ष्मी हे कोशात आहे. ‘धव’ म्हणजे नवरा हा शब्द मात्र थोडा डळमळीत. यास्काने निरुक्तात (वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा जुना ग्रंथ) विधवा शब्दाची फोड देताना धव हे मनुष्याचं नाव म्हणून एक पर्याय दिलाय. आजचे भाषाशास्त्रज्ञ उलट सांगतात: ‘विधवा’ हा मूळचा अखंड शब्द, त्याच्या ‘वि’ला उपसर्ग समजून मागाहून ‘धव’ वेगळा काढला गेला. (अवांतर: धव हे एका झाडाचंही नाव आहे, आपला धावडा.)

थोडक्यात, सहस्रनाम म्हणताना लक्ष्मीपती म्हणा, व्याकरणाच्या पेपरात मधुवंशी लिहा. दोन्हीकडे मार्क मिळतील.

श्लेष

वरच्या प्रतिसादाशी बराचसा सहमत, पण ‘मा + धव’ला असं कडेला बसवणं पटत नाही. कवींनी आणि भाष्यकारांनी हजार-बाराशे वर्षं जी फोड वापरली, ती नावाच्या अर्थाचा भाग होऊन बसते. उगम कुठलाही असो.

पुरावा शंकराचार्यांच्या नावावरच्या सहस्रनामभाष्यातच आहे. माधव हे नाव सहस्रनामात तीनदा येतं: ७२, १६७ आणि ७३५. एकच नाव तीनदा म्हणजे पुनरुक्तीचा दोष. तो टाळायला भाष्य प्रत्येक वेळी अर्थ बदलतं. पहिल्यांदा लक्ष्मीचा धव. दुसऱ्यांदा मा म्हणजे विद्या आणि तिचा स्वामी. तिसऱ्यांदा मधुकुळात जन्मलेला. म्हणजे ‘नेमका एक अर्थ सांगा’ हा हट्ट खुद्द भाष्यानेही धरलेला नाही. उद्योगपर्वात संजय धृतराष्ट्राला कृष्णाच्या नावांचे अर्थ सांगतो, तिथे तर ‘मौनाद्ध्यानाच्च योगाच्च विद्धि भारत माधवम्’ अशी चौथीच तऱ्हा आहे.

आणि या फोडीची खरी गंमत ‘उमाधव’मध्ये. उमा + धव, म्हणजे शंकर. ‘येन ध्वस्तमनोभवेन’ हा श्लोक ध्वन्यालोक या काव्यशास्त्राच्या ग्रंथात श्लेषाचं, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ काढण्याचं, उदाहरण म्हणून आलाय, त्याचा शेवट बघा:

‘पायात्स स्वयमन्धकक्षयकरस्त्वां सर्वदोमाधवः’

‘सर्वदोमाधवः’ दोन ठिकाणी तुटतं. सर्वदः + माधवः असं तोडलं, तर विसर्गाचा ओ झालाय आणि अर्थ ‘सगळं देणारा माधव’. सर्वदा + उमाधवः असं तोडलं, तर आ + उ चा गुण होऊन ओ आलाय आणि अर्थ ‘सदैव उमापती’. मागचं ‘अन्धकक्षयकर’ही तसंच दुतोंडी आहे. क्षय म्हणजे नाश घेतला तर अंधकासुराला मारणारा शिव. क्षय म्हणजे निवास घेतला तर अंधक नावाच्या यादवशाखेला घर वसवून देणारा कृष्ण. अख्खा श्लोक असा दोन देवांना एकदम नमस्कार घालतो. ‘धव’ नसता तर हे जमलंच नसतं.

म्हणून घरात कोणी शैव-वैष्णव वाद काढला तर हा चरण पुढे करावा.

अणादि

@श्लेष, मान्य. उगम आणि अर्थ वेगळे ठेवले की आपलं भांडण उरत नाही. ‘मधुसूदन’वाला अर्थ तेवढा कोणी परत आणू नका.

पंचपात्र

बारशाचं सांगतो, कारण शंका २ आणि ३ तिथल्या आहेत.

महिन्यांच्या तीन वेगवेगळ्या याद्या आहेत आणि गोंधळ त्यांच्या सरमिसळीतून होतो.

पहिली वर आलीच: मधु, माधव, शुक्र वगैरे. यात माधव म्हणजे वैशाख. वैशाखस्नानाच्या माहात्म्यात ‘न माधवसमो मासः’ म्हणतात ते यावरून.

दुसरी मासदेवतांची. चोवीस नावांतली पहिली बारा मार्गशीर्षापासून ओळीने लावतात: मार्गशीर्ष केशव, पौष नारायण, माघ माधव, फाल्गुन गोविंद, चैत्र विष्णू, वैशाख मधुसूदन, ज्येष्ठ त्रिविक्रम, आषाढ वामन, श्रावण श्रीधर, भाद्रपद हृषीकेश, आश्विन पद्मनाभ, कार्तिक दामोदर. तुम्हाला ‘माघाचा देव’ सांगणाऱ्यांनी ही यादी धरली आहे. चूक नाही, पण ही व्रत-दानाच्या संकल्पासाठी आहे, बारशासाठी नाही.

तिसरी खास नामकरणाची, तिला मासनाम म्हणतात:

‘कृष्णोऽनन्तोऽच्युतश्चक्री वैकुण्ठोऽथ जनार्दनः। उपेन्द्रो यज्ञपुरुषो वासुदेवस्तथा हरिः। योगीशः पुण्डरीकाक्षः’

या बारांत माधव नाहीच! मार्गशीर्षापासून मोजलं तर वैशाखाला सहावं नाव, जनार्दन. चैत्रापासून मोजणाराही पक्ष आहे, त्या हिशोबाने वैशाखाला अनंत. तुमच्या घरी कोणता चालतो ते गुरुजींना आधीच विचारून ठेवा, म्हणजे तबकापुढे बसून चर्चा नको.

तबकात (काशाचं असेल तर उत्तम) तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने किंवा तारेने आधी ‘श्रीगणपतये नमः’ लिहितात, मग चार नावं: कुलदेवतेचा भक्त या अर्थाचं देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम, आणि शेवटी व्यावहारिक नाम. तुमच्याकडे दुसऱ्या जागी जनार्दन किंवा अनंत येईल. तिसऱ्या जागी ‘मा’वरून येणारं नाव. मघाच्या चार चरणांची अक्षरं मा, मी, मू, मे. पहिल्या चरणाचं ‘मा’, म्हणजे माधव तिथेही चालतं आणि चौथ्या जागीही. ज्यांना दोन्हीकडे तेच नको असतं ते नाक्षत्रनाम वेगळं घेतात. या अक्षरांत ह्रस्व-दीर्घाचा भेद धरत नाहीत, त्यामुळे मधुसूदन, मनोहर हीसुद्धा चालतात.

तांदूळ फार जाड थरात पसरू नका. अक्षरं ढासळतात आणि ‘माधव’चा काना पहिल्यांदा बुजतो. बोटाच्या पेराच्या निम्म्याइतका थर पुरतो.

संध्येत माधव कुठे येतो हेही सांगून ठेवतो, मुंजीनंतर कामाला येईल. आचमनात केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः या तीन नावांनी पाणी प्यायचं आणि गोविंदाय नमः म्हणून ताम्हनात सोडायचं. मुलं चौथंही पिऊन टाकतात.

अणादि

सम अक्षरांचा नियम कुठून येतो ते मी जोडतो, कारण तो अर्धवटच सांगितला जातो.

आश्वलायन गृह्यसूत्र (घरच्या संस्कारांचे नियम सांगणारा जुना ग्रंथ) म्हणतं: मुलाचं नाव घोषवर्णाने (ग, द, म, ह असा गळ्यात नाद होणारा वर्ण) सुरू व्हावं, मध्ये अंतःस्थ (य, र, ल, व) असावा, शेवटी विसर्ग असावा, दोन किंवा चार अक्षरांचं असावं, मुलींचं विषम अक्षरांचं. दुसरा गृह्यसूत्रकार पारस्कर, त्याने वर ‘कृतं कुर्यान्न तद्धितम्’ अशी अट घातली आहे: धातूपासून कृत् प्रत्ययाने झालेलं नाव ठेवावं, तद्धिताने, म्हणजे मधु + अण् सारखा नामाला प्रत्यय लागून झालेलं नको. पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीला याज्ञिकांचं म्हणून जे वचन दिलंय त्यात ‘अवृद्धम्’ असाही शब्द आहे. म्हणजे पहिला स्वर आ, ऐ, औ नको.

आता ‘माधवः’ला या चाळणीत घाला. म हा घोषवर्ण, पास. मध्ये व हा अंतःस्थ, पास. शेवटी विसर्ग, पास. अक्षरं तीन, नापास. तद्धित, नापास. पहिला स्वर आ, नापास.

घाबरू नका. याच चाळणीत राम ‘आ’मुळे अडकतो. केशव, गोविंद, मुकुंद तीन अक्षरांवर. कृष्ण तर पहिल्याच वर्णावर, कारण क अघोष. सगळ्या अटींतून सुखरूप पार होणारं नाव म्हणजे हरि: ह घोष, मध्ये र, दोन अक्षरं, विसर्ग शेवटी, हृ धातूपासून कृदंत. नियम शब्दशः पाळले असते तर गावात निम्मे हरी असते. व्यावहारिक नावाला हे नियम कोणी काटेकोर लावलेले नाहीत. फारच मनाला लागलं तर मासनाम जनार्दन घ्या. त्याची अक्षरं चार भरतात.

मुलगी असती तर ‘माधवी’ मात्र छान बसलं असतं. तीन अक्षरं, आणि पारस्कर मुलींसाठी तद्धितच सांगतो. शेवटी आ हवा तिथे ई आहे एवढंच.

चाफेकळी

केवढं सुटसुटीत झालं! मासनाम जनार्दन धरतोय. दोन लहान प्रश्न उरले. हे नाव हल्ली ‘जुनं’ वाटतं का, आणि मध्व, माध्व, महादेव यांच्याशी गोंधळ होतो का?

तळटीप

जुनं तर आहेच, पण त्याला पेशवाईचा वास आहे म्हणून नव्हे. ते त्याआधीही सगळ्या देशभर होतं. संगमग्रामचा माधव हा चौदाव्या शतकातला केरळचा गणिती. माधवकराचा ‘रुग्विनिश्चय’ आयुर्वेदाचे विद्यार्थी ‘माधवनिदान’ याच नावाने ओळखतात. ‘निदाने माधवः श्रेष्ठः’ हा चरण त्यांना पाठ असतो. आपल्याकडे थोरले माधवराव पेशवे (१७४५–१७७२), मग पुतण्यालाही तेच नाव मिळालं म्हणून ‘सवाई’ लावून वेगळा केलेला सवाई माधवराव (१७७४–१७९५). तंजावरी मराठी घराण्यातले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण होते. कवी माधव ज्यूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. जोडनावंही आहेत: काशीच्या पंचगंगा घाटावरचा बिंदुमाधव, प्रयागचा वेणीमाधव. ग्राहक चळवळीतल्या बिंदुमाधव जोशींचं नाव त्यातूनच आलेलं.

गोंधळाबद्दल:

मध्व म्हणजे द्वैतमताचे आचार्य आनंदतीर्थ. माध्व म्हणजे त्यांचे अनुयायी, देशस्थांतले वैष्णव स्वतःला म्हणतात ते. माधवाचार्य हे तिसरेच, ‘सर्वदर्शनसंग्रह’ ज्यांच्या नावावर आहे ते चौदाव्या शतकातले अद्वैती. मध्वाचार्य आणि माधवाचार्य यांची अदलाबदल छापील पुस्तकांतही सापडते, आणि दोघांची मतं एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे ती चूक फार बोचते.

महादेवशी गोंधळ हा आपला मराठी. न्यायमूर्ती रानड्यांचं नाव महादेव गोविंद, पण लोक माधवराव रानडेच म्हणत. त्यामुळे जुन्या कागदांत एकाच माणसाची दोन नावं दिसली की लगेच दोन माणसं धरू नयेत.

हाक मारायला माधू, मध्या. ‘मधू’ मात्र मधुकर, मधुसूदन यांचं लघुरूप, आणि मराठीत सुटा लिहिताना धू दीर्घ. विभक्तीत जुनं वळण ‘माधवाने, माधवाला’, आता ‘माधवने, माधवला’ सर्रास. दोन्ही चालतं, एकाच पत्रिकेत दोन्ही नकोत.

बागकाम_हौशी

फार अवांतर: माधवलता आणि मधुमालती वेगळ्या बरं का. माधवी किंवा माधवलता, जिला हळदवेल म्हणतात, ती आपल्याकडच्या जंगलातली. पांढरी झालरदार सुवासिक फुलं, एका पाकळीवर पिवळा डाग, आणि फळाला तीन पंख. वसंतात फुलते. कुंपणावर पांढऱ्याची गुलाबी-लाल होणारी फुलं येतात ती मधुमालती. रोपवाटिकेत ‘माधवी’ मागितली की बहुतेकदा मधुमालतीच हातात पडते. बारशाला वेल लावणार असाल तर फळाचे पंख बघून घ्या.

खिडकी_क्रमांक_४

चौथी शंका कोणी घेतली नाही, म्हणून लिहितो.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव त्यात लगेच भरलंच पाहिजे असं नाही. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांच्या आत नाव शुल्काशिवाय भरता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा बारशाआधी घाई करून दवाखान्यातल्या फॉर्मवर भलतंच टोपणनाव देऊ नका. रकाना रिकामा ठेवणं परवडतं. एकदा भरलेलं नाव बदलणं हे रिकामा रकाना भरण्याइतकं सोपं नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, पासपोर्ट, वाहन परवाना या सगळ्यासाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो. इथली चूक पुढे सगळीकडे जाते.

स्पेलिंग: एम-ए-डी-एच-ए-व्ही, एवढंच. एच गाळला तर अमराठी माणूस ‘मादव’ वाचतो. शेवटी जादा ए लावला तर दक्षिणेत बरोबर वाचतील, पण इथे ‘माधवा’ होईल. सुरुवातीला दोन ए लावले तर उच्चार नीट कळतो, पण मग आधार, बँक, शाळा सगळीकडे दोनच लावावे लागतील, आणि कोणीतरी एक ए खातोच. विदर्भात शेवटी व्ही ऐवजी ओ लिहायची जुनी रीत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कागदांवर ती असली म्हणून बाळाला तीच लावायचं कारण नाही.

दाखला हातात आला की इंग्रजीपेक्षा मराठी ओळ आधी वाचा. ‘माधव’मध्ये दोन चुका वारंवार होतात. जादा पाय मोडून ‘माध्व’ होतं, ते लगेच दिसतं. दुसरी ध च्या जागी घ: ‘माघव’. लहान टायपात ती नजरेतून निसटते, आणि तुमच्याकडे मघा नक्षत्राची चर्चा चालू असल्याने जास्तच. ध च्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते, घ च्या डोक्यावर अखंड. खिडकीवरून हलायच्या आधी तेवढं बघा. लिपिकाची चूक त्याच वेळी दाखवली तर ती लवकर निस्तरते.